दिव्याखालचा भुंगेरा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की माळव्यातील संध्याकाळ एकाएकी गजबजून जाते. महिनोन्‌महिने तापलेली काळी जमीन वाफा टाकू लागते, आणि दिवे लागतात न लागतात तोच ओसरीतील दिव्याभोवती नाना तऱ्हेच्या किड्यांची झिम्मड उडते. त्यांतच भिंतीवर टपकन आदळून उताणे पडणारे, पाय झाडीत स्वतःभोवती गरगरणारे तपकिरी भुंगेरे असतात. सकाळी कोणीतरी केरसुणीने त्यांचा ढीग करते व बाहेर लोटून देते. त्यांच्याकडे निरखून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलाने आगपेटीत घालून असा एक भुंगेरा शाळेत आणला. "बाई, ह्याचे नाव काय?" त्याने विचारले. "भुंगेरा," आम्ही म्हटले. त्यावर तो म्हणाला, "भुंगेरे तर सगळेच, ह्याचे नाव काय?"

आम्ही भाषा शिकवितो. सामान्यनाम आणि विशेषनाम यांतील भेद मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतो. त्या मुलाने आमचाच धडा आमच्यावर उलटविला होता. (जातीचे नाव हेही सामान्यनामच, असा आक्षेप व्याकरणाचा कीस काढणाऱ्यांनी घेऊ नये, मुलाच्या मनात काय होते ते आम्हांस कळले होते.) आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेलो, ग्रंथालयातील पुस्तके चाळली, आणि त्या एका प्रश्नाच्या मागे लागून जे काही हाती लागले ते येथे विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहोत.

२०२५ साली वर्तमानपत्रांतून एक लहानशी बातमी आली होती. भारतात भुंगेऱ्यांच्या सहा नव्या जातींचा शोध लागला, अशी ती बातमी. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण या संस्थेतील देवांशु गुप्ता, देबिका भुनिया व कैलाश चंद्र आणि जर्मनीतील बॉन येथील प्राणिशास्त्रीय संग्रहालयाचे डिर्क आरेन्स या चार संशोधकांनी 'झूटॅक्सा' या न्यूझीलंडहून निघणाऱ्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. यांपैकी कैलाश चंद्र यांनी पूर्वी जबलपूरच्या केंद्रात राहून आपल्या मध्य प्रदेशातील कीटकांवर पुष्कळ काम केलेले आहे. सहांपैकी तीन जाती अरुणाचल प्रदेशातील, एक मणिपूरमधील, एक मिझोराममधील व एक केरळातील. हे सारे भुंगेरे आपल्या दिव्याखाली आदळणाऱ्या त्या तपकिरी भुंगेऱ्यांच्या भाऊबंदांपैकीच.

'नवी जात' हे शब्द वाचले, की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य, पाठीवर पिशवी टाकून निघालेला शास्त्रज्ञ आणि पानाआड दडलेला अद्‌भुत प्राणी असे चित्र उभे राहते. असे कधी घडतही असेल. परंतु या सहा जातींचा शोध मुख्यतः कोलकात्याच्या कपाटांत लागला. सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहात टाचणीवर बसवून ठेवलेले नमुने बारकाईने तपासताना, हे आजवर कोणीही न वर्णिलेले प्राणी आहेत, असे या संशोधकांच्या ध्यानात आले. भुंगेरा नवा नव्हता. तो माणसाच्या आधीपासून त्या डोंगरांत राहत होता. नवे होते ते पुस्तकातील पान.

आता प्रश्न असा, की ते पान इतके उशिरा का लिहिले गेले?

शेणकिड्यांचे कूळ मोठे आहे. शास्त्रात त्याला 'स्कॅराबिडी' म्हणतात. जगात त्याच्या ३० हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. नाव शेणकिड्याचे असले, तरी सगळेच काही शेणावर जगत नाहीत. कोणी फुले खातात, कोणी पाने, कोणी कुजलेले लाकूड. कोकणात ज्यांचे बालपण गेले, त्यांना माडाच्या कोवळ्या शेंड्यात शिरणारा, डोक्यावर शिंग असलेला काळा गेंड्या भुंगा चांगला ठाऊक असतो. पुढे माडाची झावळी उलगडली, की तिची पाती कात्रीने कापल्यासारखी दिसतात, ती त्याचीच करणी. तोही याच कुळातला. त्या शिंगवाल्या भुंग्याला स्वतः कार्ल लिनियसने १७५८ साली नाव दिले. ज्या ग्रंथापासून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ धरतात, त्याच ग्रंथात तो जाऊन बसला. मोठा, शिंगवाला, नजरेत भरणारा. त्याला ओळीत उभे राहावे लागले नाही.

आपल्या तपकिरी भुंगेऱ्याचे नशीब निराळे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानच्या प्राण्यांवर एक ग्रंथमाला निघत असे. तीत या कुळावर गिल्बर्ट ॲरो या लंडनच्या विद्वानाने खंड लिहिले: १९१० साली फुलांवरचे चकचकीत भुंगेरे व गेंड्या भुंगे, १९१७ साली धातूसारखे झळाळणारे पानखाऊ भुंगेरे, आणि १९३१ साली शेण गोळा करणारे. तपकिरी, रात्री उडणाऱ्या, मुळे कुरतडणाऱ्या अळ्यांच्या त्या भल्यामोठ्या शाखेचा खंड या मालेत कधी निघालाच नाही. ॲरो १९४८ साली निवर्तले. आम्ही काही तज्ज्ञ नाही. परंतु या क्रमाकडे पाहिले, की शोभिवंतांचा मान आधी आणि मळकट कपड्यांतल्यांचा मागाहून, ही रीत विद्वानांच्या पंगतीतही चालते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

अर्थात कोणीच काही केले नाही असे नव्हे. या शाखेत 'सेरिका' नावाचा एक गट आहे. लॅटिन भाषेत या शब्दाचा संबंध रेशमाशी आहे. यांतील अनेकांच्या पाठीवर रेशमासारखी मंद लव किंवा झाक दिसते. वर सांगितलेल्या सहाही जाती या गटातल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील एर्न्स्ट ब्रेन्स्के याने जगभरातील सेरिका-भुंगेऱ्यांचे वर्णन करण्याचा उद्योग आरंभिला होता. त्यानंतर भारतातील या गटावर सर्वंकष ग्रंथ निघावयास २०१६ साल उजाडावे लागले. तो आरेन्स आणि सिल्विया फाब्रिझी या दोघांनी लिहिला. पुढे नऊ वर्षांतच त्यात सहा नावांची भर पडली.

उशीर होण्याचे दुसरे कारण या प्राण्यांच्या रूपात आहे. एका पंक्तीत दहा तपकिरी भुंगेरे मांडले, तर तुम्हांआम्हांला ते दहा भाऊ वाटतील. पण ते दहा निरनिराळ्या जातींचे असू शकतात. लांबी जवळजवळ सारखीच, रंग मातकट, पाठ गोलसर. मग ओळख पटवावयाची कशी?

आधी शृंगिका पाहतात, म्हणजे डोक्यावरची ती दोन बारीक स्पर्शेंद्रिये. या कुळाची खूणच तिथे आहे. शृंगिकेच्या टोकाला पुस्तकाच्या पानांसारखी पाती असतात. भुंगेरा ती मिटू शकतो व पंख्यासारखी उघडूही शकतो. या पात्यांनी तो वास टिपतो. पुष्कळ जातींत नराची पाती मादीच्या पात्यांपेक्षा लांब असतात, कारण अंधारात मादीचा माग त्यालाच काढावयाचा असतो. पात्यांची संख्या, लांबी, त्यांचा बाक. मग पायांवरचे काटे, पाठीवरच्या रेघा व खळगे, अशी तपासणी चालते. परंतु बाहेरून सर्व जुळले तरी निकाल लागत नाही. सुकून कडक झालेला नमुना ओलाव्याने मऊ करतात, पोटाच्या टोकातून नराचा प्रजननाचा अवयव अलगद बाहेर काढतात, औषधी द्रावणात स्वच्छ करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचे चित्र काढतात. हा अवयव कठीण कवचाचा असतो व त्याचा आकार जातीगणिक वेगळा असतो. बाहेरून एकरूप दिसणारे दोन भुंगेरे येथे वेगळे पडतात. सारे काम काही मिलिमीटरांच्या आतले. हात थरथरला, तर कदाचित जगातील एकमेव नमुना मोडावयाचा.

एवढे झाले, की हा प्राणी नवीन आहे असे म्हणण्यापूर्वी जवळच्या सर्व जुन्या जातींशी त्याची तुलना करावी लागते. त्यासाठी ते जुने नमुने पाहावे लागतात, आणि ते लंडन, बर्लिन, पॅरिस अशा ठिकाणी विखुरलेले आहेत. आपल्याकडील किडे तिकडे कसे गेले याचे एक उदाहरण अगदी आपल्या शेजारचे आहे. महूच्या छावणीत चार्ल्स स्विन्हो नावाचा एक लष्करी अधिकारी होता. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहासाची जी सुप्रसिद्ध संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांपैकी तो एक. महूच्या फुलपाखरांवर व पतंगांवर त्याने लिहिलेला निबंध १८८६ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापला गेला. म्हणजे इंदुरापासून काही कोसांवर दिव्याभोवती फिरणारा पतंग नावासाठी लंडनपर्यंत गेला होता!

तुलना पुरी झाली, की शास्त्रज्ञ एक नमुना निवडतो आणि त्याला मूळ नमुना ठरवितो. पूर्वी मीटर म्हणजे किती हे ठरविणारा एक धातूचा दंड पॅरिसजवळ सेव्हर येथे जपून ठेवलेला असे. मापाविषयी वाद पडला, तर अखेरचा शब्द त्या दंडाचा. मूळ नमुन्याचे स्थान तसेच. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर त्याने तोच नमुना उघडून पाहावयाचा. त्याच्या टाचणीला बहुधा तांबडी चिठ्ठी लावितात. टाचणीचीही रीत ठरलेली आहे: ती उजव्या वरच्या पंखातून टोचावयाची, मधोमध नव्हे. टाचणीवर भुंगेऱ्याखाली आणखी एक चिमुकली चिठ्ठी असते. तीवर तो कोठे सापडला, कोणत्या तारखेला, किती उंचीवर व कोणास, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आम्हांला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, की या चिठ्ठीवाचून अत्यंत दुर्मिळ भुंगेराही शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी.

मग बारसे. प्रत्येक जातीचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा तिचा स्वतःचा. आपण आडनाव शेवटी लावतो, येथे ते आधी येते, एवढाच फरक. दुसरा शब्द पुष्कळदा गावावरून पडतो व त्यापुढे 'एन्सिस' हा लॅटिन प्रत्यय लागतो; त्याचा अर्थ 'तेथला', आपल्या 'कर'सारखाच म्हणा ना. मिझोराममधील चंफाई येथल्या भुंगेऱ्याचे नाव 'मॅलाडेरा चंफाइएन्सिस', मणिपूरमधील चुराचांदपूरच्याचे 'निओसेरिका चुराचांदपुरेन्सिस'. अरुणाचलातील लुमला व सुबनसिरी या नावांवरून 'मॅलाडेरा लुमलाएन्सिस' व 'सेरिका सुबनसिरिएन्सिस' अशी दोन नावे आली. केरळातील भुंगेऱ्याला तेथील सणावरून 'मॅलाडेरा ओणम' म्हटले आहे. हे आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा आगपेटीवाल्या मुलाने लगेच विचारले, "मग माझा इंदुरेन्सिस होईल काय?" होईलही, पण तो आधी कोणी वर्णिलेला नसला पाहिजे, आणि आपल्या ओसरीत ढिगांनी पडणारा भुंगेरा तसा असण्याचा संभव थोडा, असे सांगून त्याचा हिरमोड करणे आम्हांस भाग पडले.

सहावे नाव 'मॅलाडेरा बारासिंघा'. हा अरुणाचलातील भुंगेरा. त्याच्या शृंगिकेची लांब पाती पाहून संशोधकांना बारशिंग्याची फाटेदार शिंगे आठवली. बारशिंगा हा मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी, म्हणून या नावाचे आम्हां इंदूरकरांना विशेष कौतुक वाटावे हे साहजिकच. परंतु आमच्या मनात आणखी एक गोष्ट आली. १९७० साली कान्हाच्या अरण्यात बारशिंगे मोजले, तेव्हा ते अवघे ६६ उरले होते. तो आकडा ऐकून माणसे हादरली, कुरणे राखली गेली, कुंपण घालून त्यांची जोपासना झाली, आणि पुढे ही संख्या हजाराच्या घरात गेली. ६६ हा आकडा लिहिता आला, कारण बारशिंगा म्हणजे कोण याविषयी कोणालाच शंका नव्हती. त्याचे नाव धारण करणारा हा चिमुकला भुंगेरा २०२५ पर्यंत कोणाच्याच गणतीत नव्हता. त्याच्या डोंगरावरचे रान उद्या तुटले असते व तो नाहीसा झाला असता, तर काय गेले हे सांगणारे कोणी नव्हते. ज्याला नाव नाही, त्याची मोजदाद तरी कशी करणार?

"पण बाई, किड्यांची मोजदाद करावयाचीच कशाला?" असे एका पालकांनी आम्हांला हसत विचारले. त्यांची शेती आहे, म्हणून आम्ही त्यांना हुमणीचेच उदाहरण दिले. पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली ही अळी मातीत राहून मुळे खाते. आपल्याकडे तिला सफेद लट म्हणतात. सोयाबीन, बटाटा, भुईमूग, ऊस, कशाचीही ती गय करीत नाही. रोप वरून पिवळे पडते, उपटले तर सहज हाती येते, आणि शेतकरी पाण्याला नाहीतर बियाण्याला दोष देतो. ही अळी म्हणजे याच तपकिरी भुंगेऱ्यांची पिल्ले. महाराष्ट्रातील ऊसवाले शेतकरी हुमणीत दोन प्रकार करतात: माळावरची आणि नदीकाठची. शास्त्रानुसारही त्या दोन वेगळ्या जाती, नव्हे दोन वेगळ्या घराण्यांतल्या; पहिली 'होलोट्रॅकिया सेराटा', दुसरी 'ल्युकोफोलिस लेपिडोफोरा'. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खावयास जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडले, गोळा केले व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, की पुढच्या अळ्यांचा पुष्कळसा बंदोबस्त होतो. नदीकाठच्या हुमणीचे भुंगेरे पाल्यासाठी अशी गर्दी करीत नाहीत; तिच्यासाठी रात्रभर कडुनिंब हलवीत बसणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. अळी पाहून दोन्ही सारख्याच वाटतात. कोणती कोणाची हे ओळखता आले, तरच श्रम सार्थकी लागतात. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग आपल्या शेतातली कोणती हे कोणाला दाखवावे, असे त्यांनी विचारले. इंदुरात खंडवा रस्त्यावर सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे; तेथे चौकशी करण्यास आम्ही सुचविले.

२०१२ साली पॅरिसच्या निसर्गेतिहास-संग्रहालयातील संशोधकांनी एक हिशेब मांडला होता. एखादा प्राणी प्रथम गोळा केल्यापासून त्याचे नवी जात म्हणून वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे आज जन्मलेले मूल पदवीधर होईपर्यंत तो नमुना कपाटात वाट पाहत राहतो. आणि कपाट म्हणजे काही अभेद्य किल्ला नव्हे. कोलकात्याच्या याच संग्रहाची कथा आहे. प्राणिशास्त्र सर्वेक्षणाची स्थापना १ जुलै १९१६ रोजी झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने १९४२ साली हा संग्रह बनारसला 'कैसर कॅसल' नावाच्या वास्तूत हलविण्यात आला. बॉम्ब तेथे पोचले नाहीत, पण सप्टेंबर १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि पाणी संग्रहात शिरले. कित्येक नमुने भिजून गेले, चिठ्ठ्यांवरची अक्षरे गेली. अलीकडे, २०१८ साली, ब्राझीलमधील रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालय एका रात्रीत जळाले. त्यात कीटकांचा लक्षावधी नमुन्यांचा संग्रह राख झाला. त्यात नाव न मिळालेले किती होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. हे वाचल्यापासून, मेलेल्या किड्यांच्या रक्षणापायी पैसा व माणसे कशाला खर्ची घालावयाची, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालू लागलो आहोत.

त्या आगपेटीतील भुंगेऱ्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही ती पेटी कौतुकाने कपाटात ठेवली. दोन दिवसांनी उघडली, तो मुंग्यांनी आपले काम केले होते: पाठीचे कवच व तीन पाय उरले होते, शृंगिका कोठेच नव्हत्या. तो नर की मादी, माळावरच्या हुमणीचा की आणखी कोणाचा, हे सांगण्याचे साधनच गेले. चूक आमचीच. मुलाने ती उदारपणे पोटात घातली व पुढच्या पावसात आणखी चार भुंगेरे आणले, या खेपेस डांबराच्या गोळीसकट. प्रत्येकाबरोबर वहीच्या पानाची बारीक चिठ्ठी होती. 'इंदूर. आमच्या घराची ओसरी, दिव्याखाली. रात्री आठ वाजता. पाऊस थांबल्यावर,' असे तीवर लिहिले होते आणि खाली तारीख. नावाची ओळ त्याने कोरी सोडली होती.